आईंची कॅलेंडरं घरच्या ग्रुपवर टाकावीत का?

राजेंद्रनगरची सून
गेल्या मार्गशीर्षात सासूबाई गेल्या. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत त्यांची एकतीस कालनिर्णय निघाली. १९८१ ते २०१२, मधलं एक गहाळ. सुतळीने बांधलेल्या गुंडाळ्या, चौकोनाचौकोनात बॉलपेनने काहीतरी खरडलेलं. दुधाचा खाडा. 'सिलिंडर लावला.' 'नळ नाही.' 'भुट्ट्याचा कीस, जावयांनी दोनदा घेतला.' सातवी शिकलेल्या बाईच्या हातचं घरात एवढंच आहे.

मोठे दीर रोज एका पानाचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकतात. इथले इंदूरचे, देवासचे, ग्वाल्हेरचे, पुण्याचे मिळून त्रेचाळीस जण. सगळे खूश, मीही खूश होते. मग एप्रिल १९९६ आला. एका चौकोनात निळा ठिपका आणि शेजारी 'धा.' धा म्हणजे धाकटी, म्हणजे मी. ठिपका कशाचा ते बायकांना लगेच कळलं. एका मामेसासूबाईंनी तर हसरा चेहराही टाकला. भावजींना म्हटलं पान काढा. ते म्हणाले, "कोणाला काय समजतंय! आणि समजलं तरी आता काय त्याचं?"

माझं म्हणणं एवढंच की अशी सरसकट पानं पाठवू नयेत. तुम्हाला काय वाटतं?

पोह्यांवर जिरावन
ताई, राग मानू नका, पण एका ठिपक्यापायी एकतीस वर्षं पेटीत परत घालणार? अहो, स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचं कॅलेंडर ते. कामवाली, गॅसवाला, हळदीकुंकवाला आलेली बाई, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर लटकलेलं. त्यात खासगी ते काय?

मधली जाऊ
जिरावन भाऊ, ते वाचायला आमच्या घरी यावं लागायचं. चप्पल काढून, चहा पिऊन. आणि आलेली बाई वाचून गप्प बसायची, कारण तिच्याही घरी तसेच ठिपके होते. ग्रुपवर भाचेजावई आहेत. त्यांनी आमच्या घरी कधी चहासुद्धा घेतला नाही.

जुना इंदुरी
मी दिरांच्या बाजूचा. आपल्या शहरातल्या मराठी घरांचं असं लिहिलेलं फार थोडं उरलंय. होळकरांचं सगळं मिळेल, पण रामबागेतल्या बाईने दूध कितीला घेतलं ते कुठे मिळणार? ते 'नळ नाही' सुद्धा साधं नाही. १९७८ मध्ये नर्मदेचं पाणी थेट जलूदहून, सत्तरेक किलोमीटरवरून, चढवून इथे आणलं, आणि तरी घराघरांत नळ एक दिवसाआड. बायकांचा आठवडा त्या नळावर बेतलेला असायचा. पाहुण्यांना कधी बोलवायचं तेही नळ बघून ठरे.

आणि कालनिर्णयच का, तर आजूबाजूला सगळे पौर्णिमेला महिना संपवणारे. शेजारणीचा सावन पंधरा दिवस आधी लागतो, आपला श्रावण अमावास्या उलटल्यावर. हिंदी पंचांगावर विसंबलं की मराठी घरातले श्रावणी सोमवार चुकलेच.

पानं आहेत तशीच जाऊ द्या. खाडाखोड केलेल्या कागदाला पुरावा म्हणत नाहीत. ताई, नोव्हेंबर १९८४ चं, इंदिराजींच्या हत्येनंतरच्या दंगलीतलं पान आहे का तुमच्याकडे?

राजेंद्रनगरची सून
आहे. पहिल्या आठवड्यात तीन चौकोनांत 'कर्फ्यू.' त्याखाली 'दूध नाही. पावडरचा चहा.' आणि मग बारीक अक्षरात 'राजवाडा जळला म्हणतात.' बस. चौथ्या दिवशी पुन्हा दुधाचा हिशेब सुरू. हे पान भावजींनी टाकलं तेव्हा मीच सर्वात आधी अंगठा दिला होता. माझा विरोध कॅलेंडरांना नाही.

अर्धा इंदुरी
माझ्या वडिलांच्या वहीत होतं, 'अमक्याला ३०० दिले. आले नाहीत.' मी हौसेने घरच्या ग्रुपवर टाकलं. ते काका तेव्हापासून बोलत नाहीत. ३०० पण आले नाहीत.

दोन मुलींची आई
मला इथे कोणाचंच पटत नाहीये. ठिपक्याची एवढी लाज कशाला? माझ्या मुली बापाला सांगून पॅड मागवतात. ताई, तुम्ही ते पान झाकलंत तर पुढच्या पिढीला पुन्हा 'कावळा शिवला' कडेच ढकलताय. उलट टाका आणि खाली लिहा, हा ठिपका कशाचा ते.

राजेंद्रनगरची सून
लाजेचं नाही हो. सांगते. आमच्याकडे महालक्ष्म्या असतात. अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठेवर पूजन, मुळावर विसर्जन. नक्षत्र काही कोणासाठी थांबत नाही. आई एप्रिलपासून ठिपके मोजत जायच्या, म्हणजे भाद्रपदात मी सोवळ्याला आहे की नाही ते आधीच कळावं. सप्टेंबर १९९६ च्या पानावर ठिपका नाही. तिथे 'धा. गोळी' असं तीनदा लिहिलंय. त्या गोळ्या मी घेतल्या. नंतर महिनाभर अंगावर जात होतं, तेही कोणाला सांगितलं नाही.

तेव्हा मला विचारलं नव्हतं. आताही नाही. तुमच्या मुली स्वतःहून सांगतात, त्यात आणि यात फरक नाही का?

पोह्यांवर जिरावन
पण ताई, भिंतीवर होतं तेव्हा तुम्ही हरकत घेतली नव्हती...

मधली जाऊ
दीड वर्ष झालेली सून सासूच्या कॅलेंडरवर हरकत घेणार! भाऊ, तुमचं लग्न झालंय का?

जुना इंदुरी
गोळीचं वाचून थबकलो. तरी म्हणतो, ते पान फाडू नका. ग्रुपवर टाकू नका, पण ठेवा. मीठ-मिरचीच्या हिशेबाइतकाच तोही त्या घराचा हिशेब आहे. माझ्या आईनेही बहुधा असंच काही मोजलं असेल, आम्ही मुलगे फक्त मागचं भविष्य वाचायचो.

दोन मुलींची आई
फरक आहे, मान्य. पण भाचेजावयांना बघून नव्हे, तुमच्यासाठी म्हणून मान्य.

राजेंद्रनगरची सून
काल भावजींशी बसले. ठरलं असं की पानं आधी मी बघणार, मग ते फोटो काढणार. त्यांना फारसं पटलेलं नाही, "तुझ्या हातात गेलं की महिन्याला एक निघेल" म्हणाले. निघू दे.

रात्री जुन्या गुंडाळ्या सोडत बसले होते. माझ्या लग्नाच्या आधीच्या. त्यातही ठिपके आहेत, शेजारी 'मी' लिहिलेलं. १९८९ च्या आषाढापर्यंत दर महिन्याला, मग दोन महिने सोडून एक, मग दिवाळीनंतर नाहीच. त्या जागी पुढे कित्येक पानं 'झोप नाही', 'झोप नाही'. घरात तेव्हा सात माणसं होती.

ही पानं वेगळी काढून ठेवली आहेत. भावजींना दाखवली नाहीत.