क्वेडलिनबुर्ग: लाकडी चौकटीच्या घराचं वय कशावरून ठरवतात?

प्रश्न: जर्मनीतल्या क्वेडलिनबुर्ग शहरातलं, वोर्डगासे या गल्लीतलं ३ नंबरचं घर हे देशातलं सर्वांत जुनं लाकडी चौकटीचं घर आहे का? तुळईवर कोरलेलं साल ग्राह्य धरावं का?

उत्तर १: ‘सर्वांत जुनं’ हे बिरुद आता गेलं. एस्लिंगेन या दुसऱ्या जर्मन शहरात तेराव्या शतकातली अशी घरं आहेत. वोर्डगासेचं लाकूड १३४६-४७ चं. कोरलेल्या सालावर एकट्यावर विसंबू नका. ते डागडुजीचंही असू शकतं, शिवाय जुन्या तुळया दुसऱ्या घरात सर्रास वापरत. भरवशाची पद्धत म्हणजे लाकडातल्या वाढवलयांची, म्हणजे झाडाच्या दर वर्षीच्या कड्यांची, रुंदी मोजून ती साल माहीत असलेल्या नमुन्यांशी जुळवणं. नमुना झाडाच्या सालीखालच्या शेवटच्या वलयापर्यंत हवा. बाहेरचं लाकूड तासलेलं असेल तर ‘अमुक सालानंतर’ एवढंच कळतं. ओक ओलाच वापरत, त्यामुळे झाड तोडणं आणि बांधकाम यांत फारसं अंतर नसे.

उत्तर २: बांधणीही बघा. खांब तळापासून छपरापर्यंत अखंड असतील तर पद्धत जुनी, वोर्डगासेसारखी. नंतर प्रत्येक मजल्याची चौकट वेगळी उभारू लागले आणि वरचा मजला रस्त्यावर पुढे येऊ लागला.

प्रश्नकर्ता: मग इतकी जुनी लाकडं कुजली कशी नाहीत?

उत्तर १: चौकटीतली भर काठ्या आणि गवत-मातीची असते, ओल शोषते, परत सोडते. घात करतो तो सिमेंटचा गिलावा. लाकूड आणि भर यांच्यातल्या फटीतून पाणी शिरतं आणि आतच राहतं. सगळ्यांत आधी जाते तळाची आडवी तुळई. प्लास्टिक रंगानेही तेच होतं. जवसाच्या तेलाचा रंग बरा.