दिवाळी किंवा नाताळच्या क्रूझवर एकटीने जाणे: अनुभव आणि सल्ला हवा आहे

गिरगावची खिडकी

नमस्कार. मी ४६ वर्षांची असून गिरगावात राहते आणि एका बँकेत नोकरी करते. माझे लग्न झालेले नाही. आमच्या घरची दिवाळी आईभोवती फिरत असे. आई गेली, वर्षश्राद्धही झाले, आणि धाकटा भाऊ कॅनडात असल्यामुळे यंदा सणाच्या दिवसांत घरात मी एकटीच असेन. मावशी आणि आत्या दोघींनीही आग्रहाने बोलावले आहे, परंतु दुसऱ्यांच्या घरच्या दिवाळीत चार दिवस पाहुणी म्हणून बसून राहण्याची कल्पना मला फारशी रुचत नाही.

बॅलार्ड पिअरहून सुटणाऱ्या क्रूझवर दिवाळीत आणि नाताळात सणाची सजावट, विशेष जेवण आणि कार्यक्रम असतात असे वाचले. मुंबई ते गोवा आणि परत अशी दोन-तीन रात्रींची फेरी घ्यावी असे मनात आहे. दोन्हींपैकी कोणती फेरी बरी? एकट्या प्रवाशाला खरे भाडे किती पडते? एकट्या बाईने केबिनमध्ये राहणे सुरक्षित आहे का? आणि खरे सांगायचे तर सर्वांत मोठी धास्ती समुद्राची नाही, रात्रीच्या जेवणाची आहे. सगळी जहाजभर कुटुंबे बसलेली असताना एकटीने टेबल धरून बसायचे कसे, हे ज्यांनी केले आहे त्यांनी कृपया सांगावे.

हिशेबनीस

भाड्याचे तेवढे सांगतो. क्रूझच्या जाहिरातीतला दर 'एका केबिनमध्ये दोघे' असे गृहीत धरून दरडोई छापलेला असतो. दरडोई मूळ भाडे समजा २०,००० रुपये असेल, तर एकट्या माणसाकडून केबिनचे म्हणून ४०,००० किंवा त्याच्या आसपास घेतात, कारण दुसरा पलंग रिकामा गेला तरी कंपनीला तो विकता येत नाही. बंदर शुल्क आणि सेवाशुल्क मात्र माणशी असते. तेही दोघांचे लावलेले दिसले तर निमूटपणे भरू नये, अंदाजपत्रकाची फोड लेखी मागावी. दारू, वाय-फाय आणि किनाऱ्यावरच्या सहली बहुधा वेगळ्या पडतात.

एकट्यांसाठी बांधलेल्या केबिन जगात नाहीत असे नाही. नॉर्वेजियन क्रूझ लाइनने २०१० साली 'नॉर्वेजियन एपिक' या जहाजावर एकट्या प्रवाशांसाठी १२८ लहान खोल्या आणि त्यांच्यासाठी स्वतंत्र बैठकीची जागा केली, आणि नंतर इतरांनीही तोच मार्ग धरला. मुंबईहून २०२१ पासून चालणारे कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीचे 'एम्प्रेस' हे जहाज मात्र १९९० साली बांधलेले आहे, म्हणजे ही लाट येण्याच्या कितीतरी आधीचे. तिथे दोघांचीच खोली एकट्याने घ्यावी लागते.

डोलकाठी

मी व्यापारी जहाजांवर इंजिनीअर होतो, आता निवृत्त आहे. ताई, दिवाळी की नाताळ या प्रश्नाचे उत्तर मी सणावरून देणार नाही, समुद्रावरून देईन.

अरबी समुद्रात पावसाळ्यानंतरची चक्रीवादळे प्रामुख्याने ऑक्टोबर-नोव्हेंबरात होतात, आणि दिवाळी नेमकी त्याच दिवसांत येते. २०१९ साली लक्ष्मीपूजन २७ ऑक्टोबरला होते आणि ऐन त्याच दिवसांत 'क्यार' हे चक्रीवादळ कोकणासमोरच्या समुद्रात घोंगावत होते. ते किनाऱ्यावर न येता पश्चिमेकडे सरकले, तरी पावसाने आणि लाटांनी कोकणची दिवाळी भिजवली. डिसेंबर अगदीच निर्धोक असतो असे नव्हे, कारण २०१७ साली 'ओखी' डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आले होते आणि मुंबईत अवेळी पाऊस पडला होता. पण नाताळच्या सुमारास ईशान्येकडचे कोरडे वारे स्थिरावलेले असतात आणि कोकण किनाऱ्यालगतचा समुद्र बहुतेक वेळा शांत असतो. ज्या माणसाला बोट लागते की नाही हेच अजून माहीत नाही, त्याने पहिला प्रवास डिसेंबर-जानेवारीत करावा.

केबिन जहाजाच्या मध्यभागी आणि शक्य तितक्या खालच्या डेकवर घ्यावी. जहाज सी-सॉच्या फळीसारखे हलते. टोकांना झोका जास्त, मध्यभागी कमी. खिडकी असेल तर उत्तम, कारण क्षितिजाकडे पाहत राहिल्याने मळमळ पुष्कळ कमी होते. अ‍ॅव्होमिनसारखी गोळी डॉक्टरांना विचारून जहाज हलू लागण्याआधीच घ्यावी लागते. एकदा उलटी सुरू झाल्यावर तिचा उपयोग नाही, आणि तिने झोप येते हेही ध्यानात ठेवावे. आमची आजी भाऊच्या धक्क्यावरून कोकणच्या आगबोटीने मालवणला जाताना पदराच्या गाठीत आवळासुपारी ठेवत असे. ती तर दोन पोरे घेऊन एकटीच प्रवास करी, आणि मालवणला बोट किनाऱ्याला लागत नसल्यामुळे भर समुद्रात पडावात, म्हणजे लहान होडीत, उतरत असे. आज एकट्या बाईच्या समुद्रप्रवासाचे नवल वाटते, हेच मला नवल वाटते.

सुरक्षिततेबद्दल एकच आग्रह आहे. जहाज सुटण्यापूर्वी बचावाची कवायत घेतात; लाइफ जॅकेट कसे घालायचे आणि संकटाच्या वेळी कुठे जमायचे हे त्यात दाखवतात. पूर्वी ही कवायत सुटल्यावर २४ तासांच्या आत घेतली तरी चालत असे. २०१२ च्या जानेवारीत इटलीजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' खडकावर आदळून कलंडले तेव्हा त्याच संध्याकाळी चढलेल्या अनेक प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलला. कोकणातल्या ज्या घरांत १७ जुलै १९४७ ला बुडालेल्या रामदास बोटीची आठवण अजून निघते, त्यांना हे वेगळे सांगायला नको. कुटुंबातला एखादा चुकला तर बाकीचे त्याला शोधतात, एकट्याला शोधणारे कोणी नसते, म्हणून आपली जमण्याची जागा पायांनी जाऊन पाहून यावी.

आणि जहाज किनाऱ्यापासून लांब गेले की मोबाइल 'विमान' मोडवर टाकावा. जहाजाच्या स्वतःच्या उपग्रह नेटवर्कला फोन आपोआप जोडला गेला तर बिल पाहून खरोखर बोट लागेल.

पाचवा मजला

मी ५१ वर्षांचा घटस्फोटित पुरुष आहे आणि तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या फेरीला एकटा गेलो होतो. कोणत्या कंपनीच्या जहाजाने गेलो ते सांगत नाही. आरक्षण करताना एजंटाने 'एकट्यांचे एक टेबल असते' असे छातीठोकपणे सांगितले होते. प्रत्यक्षात तसे टेबल नव्हते आणि मला खांबाला खेटून असलेल्या दोघांच्या टेबलावर बसवण्यात आले. वाढपी अतिशय सज्जन होता, पण त्याने पहिल्या रात्री 'बाकीची मंडळी येताहेत ना?' असे मला तीनदा विचारले आणि समोरची रिकामी ताट-वाटी, चमचे, पेला हे काही उचलून नेले नाही. त्या मांडून ठेवलेल्या ताटासमोर मी जेवलो. मिष्टान्न होते, पण घास उतरला नाही.

दुसऱ्या रात्री मी दोन गोष्टी केल्या आणि त्या आपल्याला उपयोगी पडाव्यात म्हणून लिहितो. एक म्हणजे, आत शिरताच 'मी एकटाच आहे, समोरची मांडणी उचला' असे आपणहून सांगितले. त्यामुळे विचारणाऱ्याचाही संकोच संपला. दुसरे म्हणजे, दुपारी अंताक्षरीच्या कार्यक्रमात भेटलेल्या बोरिवलीच्या एका वयस्कर जोडप्याला 'आपल्या टेबलाला जागा असेल तर मी बसू का' असे सरळ विचारले. त्यांना जागा होती. सणाच्या फेरीचा खरा फायदा इथे आहे, कारण साध्या सहलीत अनोळखी माणसाशी बोलायला निमित्त शोधावे लागते, तर इथे रांगोळी, तंबोला, गरबा असे निमित्त कंपनीनेच करून ठेवलेले असते.

तरीही दिवाळीची फेरी मी पुन्हा घेणार नाही. तीस-तीस माणसांची एकत्र कुटुंबे एकाच रंगाचे कुर्ते घालून येतात, आणि त्यांच्यात एकटा माणूस लगेच उठून दिसतो. नाताळात शाळांना सुटी असल्याने मुले भरपूर असतात, पण गर्दी निरनिराळ्या तऱ्हेची असते. ३१ डिसेंबरची रात्र मात्र टाळावी; त्या रात्री जहाजावर मित्रांचे घोळके आणि बार यांचे राज्य असते.

गिरगावची खिडकी

सर्वांचे मनापासून आभार. रिकाम्या ताटाचा प्रसंग वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही, कारण गेली दिवाळी मी घरीच नेमकी तशी काढली.

डोलकाठी काका, आपल्याला एक विचारायचे होते. आईची एक पितळी पणती आहे. जिथे असेन तिथे ती एकदा लावावी असे वाटते. केबिनमध्ये चालेल का?

डोलकाठी

नाही. जहाजावर आग ही बुडण्याइतकीच भीतीची गोष्ट असते, त्यामुळे उघडी ज्योत, मेणबत्ती, उदबत्ती यांपैकी काहीच केबिनमध्ये चालत नाही, आणि इस्त्री किंवा पाणी तापवण्याची किटलीही सामान तपासताना काढून ठेवतात. दिवाळीच्या फेरीत डेकवर दिसतात ते सारे दिवे विजेचे असतात. पणती घरी लावावी.

गिरगावची खिडकी

मग ठरले. दिवाळीत आईची पणती गिरगावात लावीन, पहाटेचे अभ्यंग करीन आणि दुपारी मावशीकडे जेवून रात्री घरी परत येईन. क्रूझ नाताळची, ३१ तारखेच्या बरीच आधीची घेतली आहे. मधल्या भागातली, खालच्या डेकवरची, खिडकीची केबिन मिळाली. अंदाजपत्रकात बंदर शुल्क खरोखरच दोघांचे लावले होते, ते हिशेबनीस यांच्या सांगण्याप्रमाणे कमी करून घेतले. एक जागा, एकच मांडणी, असेही आरक्षणात लेखी नोंदवून घेतले आहे. मावशीला अजून सांगितलेले नाही. ते आज संध्याकाळी.