मदत हवी आहे: मराठी कादंबरीचं शुद्धलेखन तपासायला सॉफ्टवेअर कोणतं घेऊ? संवाद सगळे बोलीतले आहेत

नमस्कार मंडळी,

केज तालुक्यातून लिहितेय. ऊसतोडीवरची कादंबरी लिहून झालीय, साठेक हजार शब्द असतील, आणि संभाजीनगरच्या एका प्रकाशकांनी वाचायला मागवलीय. पण ते म्हणाले की ताई आधी शुद्धलेखन तपासून पाठवा, पहिल्या पुस्तकाला वेगळा मुद्रितशोधक लावणं आम्हाला परवडत नाही. त्यांचं म्हणणं मला पटतं, म्हणून सॉफ्टवेअर शोधायला लागले आणि तिथंच अडकलेय.

निवेदन मी प्रमाण मराठीत लिहिलंय, माणसं बोलतात ती मात्र आमच्याकडं बोलतात तशीच. म्हणजे "कामून रडायलीस गं?", "मुकादम कव्हा यायलाय?", "मपल्या वाट्याची मोळी मी उचलली, तुपली तू उचल." हे मी मुद्दाम लिहिलंय, कान देऊन लिहिलंय आणि त्यातला एक शब्दही मला दुरुस्त करून नकोय. दुरुस्त करायचंय ते निवेदनातलं ऱ्हस्वदीर्घ. गरीब लिहायचं पण गरिबाला लिहायचं, फूल पण फुलाला, आणि शरीर मात्र तत्सम म्हणून शरीराला असंच राहतं, हे नियम माहीत आहेत पण लिहिण्याच्या भरात कुठं काय झालंय ते स्वतःच्या नजरेला दिसत नाही. आपलंच लिहिलेलं आपण डोळ्यानं वाचतच नाही, पाठ असतं ते.

एक चेकर लावून बघितला तर पान लाल रेघांनी भरलं. कोपी, पाचट, वाढं, उचल, मुकादम, ऊसतोडीतले असे अर्धे शब्द त्याला माहीतच नाहीत, आणि करायलाय, जायलीय, म्हणलं हे तर सगळेच लाल. त्या लालीत निवेदनातली खरी चूक कुठं लपलीय ते शोधायला परत ओळ न ओळ वाचावीच लागते, मग उपयोग काय झाला. नंतर एका एआय चॅटबॉटला एक पान दिलं, स्पष्ट सांगितलं की फक्त ऱ्हस्वदीर्घ बघ, बाकी हात लावू नको. त्यानं "कामून रडायलीस गं" चं "का रडत आहेस" करून दिलं आणि माय होती तिथं आई. शिवाय खाली लिहून दिलं की मजकूर अधिक प्रवाही केला आहे! मला वाईट वाटलं ते यासाठी की वाचणाऱ्याला ते पान गुळगुळीत लागेल, काही बिघडलंय हे कळणारसुद्धा नाही. लाल रेघ निदान दिसते तरी, हे बदल गुपचूप होतात.

इंग्रजीत लिहिणाऱ्यांकडं किती काय काय आहे बघा. ग्रामरली २००९ पासून आहे, प्रोरायटिंगएड कुठला शब्द सारखासारखा आलाय त्याचा रिपोर्ट काढून देतं, हेमिंग्वे एडिटर लांब वाक्यांना रंग देऊन दाखवतं. लँग्वेजटूल तर ओपन सोर्स आहे, त्याच्या भाषांच्या यादीत तमिळ आहे, मराठी नाही. मराठीत क्रियापद कधी कर्त्याप्रमाणं चालतं कधी कर्माप्रमाणं, तिनं भात खाल्ला, तिनं भाकरी खाल्ली, म्हणजे तपासणाऱ्याला प्रत्येक नामाचं लिंग माहीत पाहिजे, हे अवघड आहे ते मान्य. पण अभिजात भाषेचा दर्जा ऑक्टोबर २०२४ मधे मिळाला आणि लिहिणाऱ्याच्या हातात अजून साधा व्याकरण तपासनीस नाही ही गोष्ट मला फार लागते.

तर मला पाहिजे ते असं की निवेदन तपासावं आणि संवाद सोडून द्यावेत. शक्यतो नेट नसताना चालावं, कारण न छापलेली कादंबरी कुठल्याही साइटवर अख्खी टाकायची माझी तयारी नाही, आणि इथं लाइट अन् नेट दोन्हीचा भरवसा नसतो. शैलीचं काही दाखवत असेल (तेच ते शब्द, फार लांब वाक्यं) तर सोन्याहून पिवळं. पैसे द्यायची तयारी आहे पण दर महिन्याला कापले जाणारे नकोत. आणखी एक, सुरुवातीची काही प्रकरणं गावातल्या डीटीपीवाल्याकडून जुन्या फॉन्टमधे टाइप करून घेतलेली आहेत, युनिकोड नाहीत. त्यांचं काय करू तेही सांगा.

— ऊसफड


मुद्रितशोधक लातूर:

ताई, आधी एक सांगतो म्हणजे प्रकाशकांशी बोलताना तुम्हाला बळ येईल. शुद्धलेखनाचे जे नियम आपण पाळतो ते मराठी साहित्य महामंडळाचे, शासनानं १९६२ ला १४ नियम मान्य केले आणि १९७२ ला आणखी ४ आले, असे १८. त्यातच म्हणलंय की पात्राच्या तोंडची भाषा असेल तिथं उच्चाराप्रमाणं असं केलं, मी म्हटलं असं लिहायला मुभा आहे. म्हणजे संवादातली बोली ही चूकच नाही, ती तपासणीच्या बाहेरच ठेवायची असते. मी इतकी वर्षं प्रुफं वाचतोय, संवादाला पेन लावायच्या आधी लेखकाला विचारतो.

सॉफ्टवेअरचं मला जास्त कळत नाही पण ते काय पकडणार नाही ते सांगतो. दिन आणि दीन, शिर आणि शीर, पाणि आणि पाणी, दोन्ही शब्द खरे आहेत, कोशात आहेत, त्यामुळं जागा चुकली तरी लाल रेघ येणार नाही. असल्या जोड्यांची यादी करून एकेक शब्द फाइंडमधे टाकून बघायचा, कंटाळवाणं आहे पण पक्कं काम होतं. दुसरं, निवेदनात 'असे' चालवायचं का 'असं' ते एकदा ठरवा. त्याने का त्यानं, तेही. दोन्ही मिसळलेलं सगळ्यात जास्त सापडतं आणि चेकरला दोन्ही बरोबरच वाटतं. मला स्वतःला ग्रामीण कादंबरीत निवेदनालाही अनुस्वाराची रूपं बरी वाटतात, संवादातून निवेदनात येताना ठेच लागत नाही, पण हा तुमचा निर्णय.


नांदेडचा संगणकवाला:

ऊसफड ताई, नवीन काही विकत घेऊ नका, लिब्रेऑफिस रायटर उतरवून घ्या, फुकट आहे आणि नेटशिवाय चालतं. त्यात मराठी स्पेलचेकचं एक्स्टेन्शन टाकायचं. आतमधे हनस्पेल नावाचं इंजिन असतं, ते मुळात हंगेरियन भाषेसाठी बनलेलं, त्या भाषेतपण आपल्यासारखे शब्दाला प्रत्यय चिकटत जातात. म्हणून त्यात दोन फायली असतात, एक शब्दांची आणि एक प्रत्ययांच्या नियमांची. घर, घराला, घरापर्यंत, घरातल्यांनासुद्धा, हे सगळे वेगवेगळे शब्द म्हणून यादीत टाकायचे म्हणलं तर यादी संपायची नाही. मराठीत चांगले चांगले शब्द लाल दिसतात त्याचं मोठं कारण हेच, नियम कडक ठेवले तर बरोबर शब्द अडकतो, ढिले केले तर चुकीचा सुटतो.

आता तुमचं मुख्य काम. संवाद वगळता येतात, नक्की येतात. एक कॅरेक्टर स्टाइल बनवा, नाव द्या संवाद. तिच्या फॉन्टच्या टॅबमधे भाषा निवडायची जागा आहे तिथं 'नन' निवडा, म्हणजे या मजकुराला कुठलीच भाषा नाही, तपासू नको. इथं बरेच जण फसतात कारण देवनागरी ही कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउटमधे (सीटीएल) येते, भाषा त्या खान्यातली बदलायची, वरच्या वेस्टर्नच्या खान्यातली बदलून काहीच होत नाही. तो खानाच दिसत नसेल तर ऑप्शन्समधे लँग्वेजमधे जाऊन सीटीएल चालू करा. मग फाइंड अँड रिप्लेस उघडून रेग्युलर एक्स्प्रेशनवर टिक करा आणि हे टाका: “[^”]+” आणि फाइंड ऑल. सगळे अवतरणातले संवाद एकदम सिलेक्ट होतात, त्यांना ती स्टाइल लावून टाका. लाल रेघा उरतील त्या फक्त निवेदनात.

हे होण्यासाठी अवतरणचिन्हं वळणदार पाहिजेत, उघडणारं वेगळं आणि बंद होणारं वेगळं. सरळ चिन्हं असतील तर एखादं बंद करायचं राहिलं की त्या परिच्छेदात सगळं उलटं होतं, निवेदन वगळलं जातं आणि संवाद तपासला जातो. आणि एकच संवाद दोन परिच्छेदात गेला असेल तर तो यात सापडत नाही, हातानं करावा लागेल. वर्डमधेपण जमतं, स्टाइल मॉडिफाय करून लँग्वेजमधे 'डू नॉट चेक स्पेलिंग ऑर ग्रामर' वर टिक करायची.

कोपी, पाचट असले निवेदनातले शब्द स्वतःच्या डिक्शनरीत टाका. लिब्रेऑफिस ६.० पासून तिथं 'ग्रामर बाय' नावाचा खाना आहे, त्यात तसाच चालणारा एखादा ओळखीचा शब्द दिला की त्याचे प्रत्यय नव्या शब्दालाही लागू होतात. कोपीला नमुना म्हणून टोपी द्या. मूळ डिक्शनरीत टोपी नियमांसकट असली पाहिजे, तरच कोपीत, कोपीला, कोपीच्या हे चालतील, नाहीतर एकेक रूप टाकावं लागतं.

जुन्या फॉन्टच्या प्रकरणांना आधी कन्व्हर्टर लागेल. डीटीपीवाल्याला फॉन्टचं नेमकं नाव विचारा, श्रीलिपी का कृतीदेव का आणखी काही, प्रत्येकाचा कन्व्हर्टर वेगळा असतो. बदलून झालं की पहिली वेलांटी आणि रफार असलेले शब्द डोळ्याखालून घाला. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि युनिकोडमधे नंतर, ती उलटापालट करताना जोडाक्षरांत घोळ होतो. आणि दुसऱ्या, तिसऱ्या मधला ऱ्या दोन पद्धतीनं लिहिला जातो, एक ऱ वापरून आणि एक साध्या र ला झिरो विड्थ जॉइनर (न दिसणारं जोडचिन्ह) लावून. डोळ्याला एकच दिसतं, कॉम्प्युटरला दोन वेगळे शब्द. ॲ चंपण तसंच आहे. चेकर लावायच्या आधीच चुकीचा एक कॉपी करून फाइंडमधे पेस्ट करा आणि सगळीकडं एकाच पद्धतीचा करून घ्या, त्यानंच बऱ्याच लाल रेघा जातील.

शैलीसाठी तयार असं मराठी काही नाही. कादंबरीत आलेल्या शब्दांची मोजदाद करून देणारी छोटी स्क्रिप्ट मी लिहून देऊ शकतो, तुमच्याच लॅपटॉपवर चालेल, फाइल कुणाला द्यायची गरज नाही. कुठला शब्द किती वेळा आला ते उतरत्या क्रमानं दिसेल.


ऊसफड:

काका, दादा, दोघांचेही मनापासून आभार. काका, ते पात्राच्या तोंडचं मी आता प्रकाशकांना सांगणारच आहे. निवेदनात 'असं' च ठेवते, तुमचं कारण पटलं.

दादा, एका प्रकरणावर करून बघितलं, जमलं! सीटीएलचा खाना खरंच बंद होता. संवाद वगळल्यावर पानावर मोजक्या लाल रेघा राहिल्या आणि त्यात खऱ्या चुका दिसायला लागल्या, वकीलाला, जमीनीवर, असल्या. हेच तर शोधत होते मी. स्क्रिप्ट नक्की पाठवा, 'मग' आणि 'तेवढ्यात' हे शब्द मी फार वापरलेत असा मला दाट संशय आहे.

एक गाठ मात्र राहिली. कादंबरीचा शेवटचा भाग ऊसतोडीच्या टोळीबरोबर गेलेली मुलगी स्वतः सांगते, शाळा सुटलेली मुलगी, तिथं अवतरणचिन्हंच नाहीत आणि एकाच वाक्यात अर्धं पुस्तकातलं मराठी अर्धं घरातलं. उदाहरणार्थ: 'बाईंनी सांगितले होते की परीक्षा जवळ आली आहे पण आबा म्हणले पट्टा पडंस्तोर जायचं न्हाई.' (पट्टा पडणं म्हणजे तोडीचा हंगाम संपणं.) ते पुस्तकी सांगितले आणि हे म्हणले, दोन्ही तिचेच आहेत आणि दोन्ही राहिले पाहिजेत. अख्खा भाग वगळला तर परीक्षाचं परिक्षा झालेलं कळणार नाही, नाही वगळला तर सगळं लाल.


नांदेडचा संगणकवाला:

तिथं उलटं करा. वगळू नका, त्या भागातले बोलीतले शब्द वेगळ्या डिक्शनरीत टाका, तिला नाव द्या पोरीची भाषा, आणि ती फक्त तो भाग तपासतानाच चालू ठेवा. ऑप्शन्समधे रायटिंग एड्समधे प्रत्येक डिक्शनरीपुढं टिकमार्क असतो. बाकीच्या निवेदनात 'म्हणले' चुकून आलं तर तिथं ते लाल दिसेल, इथं नाही. पहिल्या प्रकरणाला वेळ जाईल, पुढं तेच शब्द परत येतात.


ऊसफड:

हे करते. मग आता मंडळी एकच विनंती, बीड, परभणी, जालना, धाराशिव कुणीकडचेही असा, आपापल्या बोलीतले शब्द कुणी युनिकोडमधे टाइप करून ठेवले असतील, शेतीचे, ऊसतोडीचे, नात्यागोत्याचे, तर इथं टाका. माझी यादी तयार झाली की मीपण टाकते, एका ओळीत एक शब्द अशी साधी फाइल, म्हणजे कुणालाही आपल्या डिक्शनरीत तशीच भरता येईल. आणि मुद्रितशोधक काका, तुमची ती दिन-दीन सारख्या जोड्यांची यादी लिहून काढलेली असेल तर फोटो काढून टाकला तरी चालेल, टाइप मी करते.