स्टेंटनंतर धावायला सुरुवात: नाडी 110 च्या वर जातच नाही, काय समजायचं?

अनुस्वार:

नमस्कार. वय 47. पाच महिन्यांपूर्वी हार्ट अटॅक येऊन गेला. छातीत कळ वगैरे नव्हतीच. जबडा दुखत होता, पाठीत दोन्ही खांद्यांच्या मधे दाब होता आणि जिना चढला की खाली बसावंच लागेल असा थकवा. अ‍ॅसिडिटी समजून आणखी एक दिवस काढला असता, तर आज हे लिहायला नसते. एलएडीत, म्हणजे हृदयाच्या पुढच्या भागाला रक्त देणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीत, एक स्टेंट आहे. आता इको चांगला आहे, इजेक्शन फ्रॅक्शन (दर ठोक्याला हृदय आतलं किती रक्त बाहेर ढकलतं ते) 50 टक्के. रिहॅब, म्हणजे अटॅकनंतरचा देखरेखीखालचा व्यायाम, पूर्ण केलं. रोज पाऊण तास भरभर चालते, काही त्रास होत नाही.

मला धावायचंय. सगळे विचारतात की चालणं पुरेसं असताना हे कशाला? खरं सांगायचं तर चालताना मी अजून पेशंट असते. सोबत कोणी ना कोणी असतं, चढ आला की ‘बरी आहेस ना’ होतं. मला माझ्या शरीरावर पुन्हा भरवसा ठेवायचाय, आणि तो नुसत्या चालण्याने येत नाहीये.

डॉक्टर ‘हळूहळू वाढवा’ म्हणाले आणि पुढचा पेशंट आत आला. मेटोप्रोलॉल, रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या आणि कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन चालू आहे. बसल्या जागी नाडी 58 असते. मनगटावरचं घड्याळ 220 वजा वय करून माझी कमाल नाडी 173 दाखवतं आणि त्याच्या 70 टक्के, म्हणजे 121 च्या आसपास जायला सांगतं. मी थोडी पळून पाहिली तर 108-110 ला धाप लागली. मग माझं हृदय कमजोर आहे का?

दुसरं म्हणजे घरचे. दीर जिम फिक्सचं उदाहरण देतात. अमेरिकेत लोकांना धावायचं वेड लावणारा माणूस 1984 मधे धावतानाच गेला, तेही 52 व्या वर्षी. मी परत येईपर्यंत नवरा हातात फोन धरून बसलेला असतो. त्याला कसं समजावू?

कासवगती:

ताई, आधी घड्याळाचं बोलतो. तुमची मेटोप्रोलॉल ही बीटा ब्लॉकर आहे आणि बीटा ब्लॉकरचं कामच मुळी नाडी वर जाऊ न देण्याचं. ती गोळी चालू असताना 220 वजा वय या हिशेबाला अर्थच राहत नाही. मुळात तो सरासरीचा हिशेब आहे, निरोगी माणसांतही दहा-बारा ठोके इकडचे तिकडे सहज होतात. तुमचं हृदय कमजोर आहे असा निष्कर्ष यातून अजिबात निघत नाही.

मी 52 व्या वर्षी सुरुवात केली, दोन स्टेंट घेऊन. आता 58 चा आहे. पहिल्या दिवशी फक्त अर्धा मिनिट धावायचं आणि दोन मिनिटं चालायचं, असं सहा वेळा, एवढंच ठरवलं होतं. त्या अर्ध्या मिनिटात पाय कसे पडतायत, श्वास कसा चाललाय, कशाकडेच लक्ष नव्हतं. सगळं लक्ष छातीच्या डाव्या बाजूला. बरगडीत जरा काही टोचलं की थांबायचो आणि मानेवर दोन बोटं ठेवून उभा राहायचो. ही भीती चालताना कधीच वाटली नव्हती. अटॅकच्या वेळी छाती धडधडली होती, घाम फुटला होता, धाप लागली होती. धावताना नेमकं हेच सगळं होतं. शरीराला दोन्हींतला फरक नव्याने शिकावा लागतो आणि तो लहान लहान तुकड्यांतूनच शिकता येतो. अर्धा मिनिट धाप, मग चालणं, आणि धाप आपोआप खाली येते. हे पुन्हा पुन्हा अनुभवलं की हळूहळू पटायला लागतं. मला पटायला कित्येक महिने लागले. तुम्ही भरवशाबद्दल लिहिलंत ते वाचून म्हणून तर लगेच लिहायला बसलो.

वेग किती ठेवायचा? शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला तर वेग कमी करा. त्यासाठी घड्याळ लागत नाही.

आणि पाय सांभाळा. दम काही आठवड्यांत वाढतो, पण घोट्यामागची शीर आणि नडगीचं हाड तयार व्हायला महिने जातात. दम वाढला म्हणून अंतर वाढवावंसं वाटतं, आणि पाय नेमका तिथेच बोलायला लागतो. एक दिवस आड धावा.

फिजिओ_मीरा:

मी कार्डियाक रिहॅबमधे काम करते. कासवगतींशी सहमत आहे, फक्त थोडे आकडे जोडते.

तुम्हाला स्ट्रेस टेस्ट (टीएमटी, फिरत्या पट्ट्यावर चालवत ईसीजी बघतात ती) हवी, आणि तीही नेहमीच्या गोळ्या चालू ठेवून. व्यायाम ठरवायचा तर तुम्ही रोज ज्या औषधांवर असता त्याच अवस्थेतली कमाल नाडी कळायला हवी. समजा टेस्टमधे ती 130 आली. त्यातून बसल्या जागीची 58 वजा केली की 72 उरतात. या 72 चे 40 ते 70 टक्के घेऊन त्यात परत 58 मिळवायचे. हिशेब येतो 87 ते 108. तुम्हाला 108 ला धाप लागते म्हणता, म्हणजे कदाचित तुम्ही बरोबर वरच्या हद्दीवरच आहात! अर्थात 130 हा माझा अंदाज आहे, खरा आकडा टेस्टच देईल. टेस्टमधे त्रास झाला किंवा ईसीजी बदलला, तर हद्द त्याच्या बरीच खाली ठेवतात आणि ती डॉक्टरच ठरवतात.

बीटा ब्लॉकरवर असलेल्यांना आम्ही बोर्गची मोजपट्टीही शिकवतो. किती कष्ट वाटतायत त्याला 6 ते 20 मधला आकडा द्यायचा. 6 म्हणजे काहीच नाही, 20 म्हणजे जीव तोडून. तुम्ही 11 ते 13 मधे राहा.

वॉर्म-अपला दहा मिनिटं द्याच. नाडी हळूहळू वर गेली की हृदयाच्या रक्तवाहिन्यांना रुंदावायला अवधी मिळतो. थांबतानाही एकदम उभं राहू नका. रक्त पायात साठतं, बीपी खाली येतो आणि चक्कर येते. अजून दहा मिनिटं चाला.

स्टॅटिनबद्दल: दोन्ही मांड्या सारख्याच दुखत असतील, गळून गेल्यासारखं वाटत असेल आणि दोन-तीन दिवसांत उतरत नसेल, तर डॉक्टरांना सांगा. लघवी गडद झाली तर त्याच दिवशी दाखवा. गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, रक्त पातळ करणाऱ्या तर मुळीच नाही. त्या गोळ्यांमुळे पडल्यावर रक्त जास्त वाहतं, म्हणून सपाट, उजेडाची जागा निवडा.

पुन्हा जबडा, पाठ किंवा छातीत दाब आला, दम नेहमीपेक्षा वेगळा वाटला, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर त्याच क्षणी थांबायचं. ‘एवढा फेरा संपवते’ नको. तुमचा अटॅक छातीत दुखून आला नव्हता, हे तुम्ही तर कधीच विसरू नका.

उंबरठा:

मी पलीकडच्या बाजूने लिहिते. अटॅक माझ्या नवऱ्याला आला होता. फोन हातात धरून बसणारी मी होते.

मला समजावून काहीच उपयोग झाला नाही, रिपोर्ट दाखवूनही नाही. फरक पडला तो त्याच्या टीएमटीच्या वेळी. डॉक्टरांनी मला आत उभं राहू दिलं. दर तीन मिनिटांनी पट्ट्याचा वेग आणि चढ वाढत होता. तिसऱ्या टप्प्यात त्याची कानशिलं लाल झाली, शर्ट पाठीला चिकटला, तोंडाने श्वास चालू झाला. मला वाटलं, आता थांबवा. डॉक्टर स्क्रीनकडे बोट दाखवून म्हणाले, बघा, ईसीजी बदललेला नाही, ही नुसती मेहनतीची धाप आहे. त्याची धाप म्हणजे संकट नव्हे, हे मी तेव्हा पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं. तुमच्या मिस्टरांना टेस्टला सोबत न्या, आणि आत थांबू देतात का ते आधीच विचारा.

आणखी एक. मी सीपीआर (हृदय बंद पडलं तर छाती दाबून रक्त फिरतं ठेवायचं ते) शिकून घेतला. काही झालंच तर मला काय करायचं ते माहीत आहे, म्हणून मी आता झोपते. तो ठरलेल्या वाटेनेच जातो, फोनवरून मला लोकेशन दिसतं.

जिम फिक्सबद्दल दिरांना पुढचंही सांगा. त्यांच्या वडिलांना 35 व्या वर्षी अटॅक आला होता आणि 43 व्या वर्षी ते गेले. खुद्द फिक्स यांनी धावायला सुरुवात केली तेव्हा वजन खूप होतं आणि सिगारेट चालू होती. शवविच्छेदनात हृदयाच्या रक्तवाहिन्या चांगल्याच तुंबलेल्या निघाल्या. तुमचा ब्लॉक सापडलाय, उघडलाय आणि त्यावर औषध चालू आहे. शिवाय 1973 मधे टोरोंटोच्या डॉ. टेरेन्स कॅव्हनाग यांच्या रिहॅबमधल्या सात जणांनी बोस्टन मॅरेथॉन पूर्ण केली होती. सातही जणांना आधी हार्ट अटॅक येऊन गेला होता. अँजिओप्लास्टी 1977 मधे सुरू झाली, म्हणजे त्यांच्यापैकी कुणालाच ती मिळालेली नव्हती!

अनुस्वार:

तिघांचेही मनापासून आभार. उंबरठाताई, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला वाचायला दिला. बराच वेळ काही बोलला नाही, मग विचारलं, टेस्ट कधी आहे? मीराताई, छातीत दाब आला तर घ्यायची ती जिभेखालची गोळी धावताना जवळ ठेवायची का?

फिजिओ_मीरा:

डॉक्टरांनी लिहून दिली असेल तर हो, मूळ डबीतच, एक्सपायरी बघून. अंगाच्या उष्णतेने खराब होते, म्हणून शरीराला चिकटेल अशी ठेवू नका. घ्यायची वेळ आली तर खाली बसून घ्या, बीपी एकदम उतरतो. पाच मिनिटांत आराम पडला नाही तर अ‍ॅम्ब्युलन्स. स्वतः गाडी चालवायची नाही.

आणि टीएमटीची वेळ घेताना विचारून ठेवा, त्या दिवशी मेटोप्रोलॉल घ्यायची का. ब्लॉक शोधायच्या टेस्टसाठी ती कधी कधी थांबवतात. तुमची टेस्ट व्यायाम ठरवण्यासाठी आहे, हे त्यांना स्पष्ट सांगा.

अनुस्वार:

विचारलं. नेहमीच्या वेळेला घेऊन यायला सांगितलंय. पुढच्या गुरुवारी आहे, आम्ही दोघं जातोय. कमाल नाडी किती आली ते इथे लिहीन, मीराताई, तेव्हा तो हिशेब पुन्हा मांडून द्याल?