अंगकार, सहकोर, कोंग कोमार: पोल पोटच्या काळातले शब्द मराठीत कसे आणावेत?

प्रश्न

कंबोडियातल्या एका ख्मेर बाईंच्या बालपणीच्या आठवणी मराठीत आणतेय. १७ एप्रिल १९७५ ला पोल पोटच्या ख्मेर रूज या कम्युनिस्ट गटाने राजधानी नॉम पेन्ह घेतलं आणि सगळं शहर रस्त्यावर काढलं, तेव्हा त्या आठ-नऊ वर्षांच्या होत्या. 'अंगकार' हा शब्द पानोपानी येतो. अर्थ 'संघटना'. पण 'संघटनेने आईला दुसऱ्या गावी पाठवलं' हे कामगार युनियनसारखं वाटतं. 'सहकोर'ला 'सहकारी संस्था' चालेल? आणि या सगळ्याला नरसंहार म्हणावं की वंशसंहार?

प्रतिसाद

अंगकार तसाच ठेवा. मुलांना ना पक्ष ठाऊक होता, ना नेते. आपण कम्युनिस्ट पक्ष आहोत हे ख्मेर रूजने उघडपणे सांगितलं तेच मुळी सप्टेंबर १९७७ मध्ये. तोवर हुकूम यायचा तो अंगकारचा. अंगकारच तुमचे आईबाप असं मुलांना शिकवत. 'अंगकारला अननसाचे डोळे आहेत' ही तेव्हाची धमकी, म्हणजे त्याला चहूकडचं दिसतं. त्या वयाच्या मुलीला ही संघटना वाटणं शक्यच नाही.

लिंग मात्र ठरवावं लागेल, ख्मेर भाषेत ती अडचण नाही. मी 'सरकार'सारखं नपुंसकलिंगी करीन: अंगकारनं बोलावलंय.

प्रतिसाद

माझं मत पुल्लिंगाला. 'अंगकार बघतोय' यात जी भीती आहे ती 'बघतंय'मध्ये येत नाही, आणि मुलं त्याला माणूसच समजत होती.

'सहकारी संस्था' अजिबात नको. धातू तोच आहे, ख्मेर लिपीत तो शब्द 'सहकरण' असाच लिहितात. पण मराठी वाचकाला दूध सोसायटी, सभासद, लाभांश आठवणार. तिथे जमीन, बैल, घरची भांडीसुद्धा काढून घेतली होती आणि पुढे घरी चूल पेटवायलाही बंदी आली. सहकोरच लिहा, पहिल्यांदा येईल तिथे एक ओळ समजावून सांगा.

'कोंग कोमार'मधला कोमार म्हणजे आपला कुमार. 'मुलांचं पथक' पुरेल. आईबापांपासून तोडून मुलांना कालवे खणायला, माती वाहायला, शेण गोळा करायला लावत.

प्रतिसाद

दोन शब्दांकडे जास्त लक्ष द्या.

पहिला 'रिएन सोत'. रिएन म्हणजे शिकणं, सोत म्हणजे सूत्र. सरळ अर्थ अभ्यास करणं. रात्री माणसं येत, वडिलांना 'रिएन सोत'साठी नेतोय म्हणत, आणि वडील परत येत नसत. इथे 'ठार मारायला नेलं' असा उलगडा करू नका. 'शिकायला नेलं' एवढंच लिहा. मुलीला जे सांगितलं गेलं तेच वाचकाच्या कानावर पडू दे.

दुसरा 'हूप'. ख्मेरमध्ये जेवणाला माणसागणिक क्रियापद बदलतं: भिक्खूंसाठी 'छान', आदरानं बोलताना 'पिसा', रोजचं 'न्याम', जनावरांसाठी 'सी'. ख्मेर रूजने सगळ्यांना खेड्यातलं 'हूप' लावलं. आजीला 'पिसा' म्हणणारं शहरी घरातलं मूल त्या एका शब्दानं ओळखू यायचं, 'नवे लोक' म्हणून, म्हणजे शहरातून हाकलून खेड्यात आणलेले. बाईंच्या बोलण्यात ही क्रियापदं बदलत असतील तर मराठीतही 'जेवा', 'खा' असा फरक ठेवा.

'बोबॉ' म्हणजे पेज, पण कोकणातल्या पेजेनं पोट भरतं. ही बहुतेक पाणीच असायची. 'पाणचट पेज' म्हणा.

प्रतिसाद

शेवटच्या प्रश्नाबद्दल. संयुक्त राष्ट्रांच्या १९४८ च्या करारात वंशसंहार म्हणजे एखादा राष्ट्रीय, वांशिक किंवा धार्मिक गट, तो गट आहे म्हणून नष्ट करू पाहणं. कंबोडियातल्या विशेष न्यायालयाने १६ नोव्हेंबर २०१८ ला नुऑन चेआ आणि खिऊ सांफान या ख्मेर रूजच्या नेत्यांना या गुन्ह्यात दोषी धरलं ते व्हिएतनामी लोकांबाबत, आणि नुऑन चेआला चाम मुसलमानांबाबतही. ख्मेरांच्या हत्या 'मानवतेविरुद्धचे गुन्हे' ठरल्या. मेलेल्यांत बहुसंख्य ख्मेरच होते. सुमारे १५ ते २० लाख माणसं गेली.

ख्मेरमध्ये वंशसंहाराचा जो शब्द आहे तो 'प्रलय'पासून सुरू होतो, आणि बोलताना लोक तो सगळ्याच मृतांसाठी वापरतात. म्हणून प्रस्तावनेत कायद्याचा फरक स्पष्ट करा, मुखपृष्ठावर 'नरसंहार' घ्या, आणि बाईंच्या तोंडी त्या म्हणतात तेच राहू द्या: पोल पोटचा काळ.