घरच्या सुतारकामाला लाखभराच्या मशिनी घ्यायच्या का?

सागवान_पुणे
टेबल सॉ (टेबलातून पातं वर आलेली मशीन करवत) आणि थिकनेस प्लेनर, म्हणजे फळी सगळीकडे एका जाडीची करणारा थिकनेसर, घ्यायचं बरेच दिवस डोक्यात घोळतंय. ब्रँडेड टेबल सॉ, १२ इंची थिकनेसर, डस्ट कलेक्टर, एक चांगलं टीसीटी (कार्बाइडच्या दातांचं) ब्लेड असं सगळं धरलं की आकडा लाखाच्या वर जातोय आणि माझं मत आता पक्कं होत चाललंय की घेऊ नये. वर्षाकाठी एखादं टेबल, एखादं शेल्फ, घरच्यांसाठी पाट-चौरंग, एवढंच तर काम. भवानी पेठेत टिंबर मार्केटला लाकूड घेतलं की तिथेच साईजमध्ये चिरून, मशीनवर रंधा मारून मिळतं. मग घरी उरतं ते जोडकाम, त्याला करवत, पटाशी, गुण्या, खतावणी (समांतर रेघ आखायचं हत्यार) आणि धार लावलेला एक जॅक प्लेन, म्हणजे लांब हातरंधा, पुरतो. त्याच पैशात बल्लारशाचा चांगला सीपी (जुन्या मध्य प्रांतातला) साग आणता येतो. व्हिडिओ बघून लोक आधी मशिनी जमवतात आणि लाकडाला पैसेच उरत नाहीत, हे मला अजिबात पटत नाही. वेगळं मत असेल तर सांगा, पण कारणासकट.

भोरकर
रंधा मारून देतात हे खरं पण फळी सपाट करून देत नाहीत दादा, तिथेच सगळी गडबड आहे. थिकनेसरचे रोलर फळीला दाबून धरतात, पीळ असलेली पातळ फळी आत दबून सरळ होते आणि बाहेर आली की परत पीळ घेते. दोन्ही बाजू समांतर झाल्या एवढंच, सरळ नाही झाली. आधी एक बाजू सरफेस प्लेनरवर सपाट करायला लागते आणि गर्दीच्या वेळी मार्केटमधला माणूस एका फळीसाठी ते करत बसत नाही.
दुसरं म्हणजे २ इंची फळी उभी चिरून दोन पातळ फळ्या काढल्या की आतला ताण सुटतो आणि त्या वाकतात. म्हणून आधी जाड ठेवून कापायचं, मध्ये पट्ट्या घालून थोडे दिवस रचून ठेवायचं आणि मग शेवटचं एक-दोन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) काढायचं. प्रत्येक टप्प्याला टेम्पो करून मार्केटला जाणार का? मशीन घरी असेल तरच हे नीट होतं. टेबलाचा टॉप चार महिन्यांनी वाकला की लोक लाकडाला नावं ठेवतात, खरं कारण हे असतं.

ठाण्याची_सुतारीण
मी पूर्ण सागवान_पुणे यांच्या बाजूने. मी फ्लॅटच्या बाल्कनीत काम करते, तिथे थिकनेसर चालू केला तर सोसायटीत राहायची सोय राहणार नाही, या छोट्या मशिनींना ब्रशवाली मोटर असते, कानाला सहन होत नाही इतका आवाज. आणि धुळीबद्दल कुणीच का बोलत नाही? लाकडाची धूळ माणसात कॅन्सर करते हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच पहिल्या गटात टाकून सांगितलंय. भुसा दिसतो म्हणून आपण तो झाडतो, बारीक धूळ दिसत नाही, ती तासन् तास हवेत राहते. घरात लहान मूल आहे. हातरंध्याने ढलपी निघते, ती सुपलीत भरली की झालं. डस्ट कलेक्टरला पैसे नसतील तर मशीन घेऊच नये असं माझं ठाम म्हणणं आहे.

मिरजेचा_सुतार
आमचं घराणंच सुतारकीचं. मशीन घ्या नका घेऊ, पण स्वस्तातला जुगाड करू नका ही हात जोडून विनंती. प्लायच्या टेबलाला भोक पाडून खालून हातकटर उलटा बांधायचा, स्विच तारेने दाबून ठेवायचा, हे साइटवर सगळीकडे चालतं आणि याच्यावरच बोटं जातात. पात्यामागे रायव्हिंग नाइफ, म्हणजे चिरलेली फट मिटू न देणारं पान, नसतो. चिरलेलं लाकूड मागे मिटलं की पातं धरतं आणि तुकडा सरळ पोटात येतो. १० इंची पातं मिनिटाला ४००० फेऱ्यांनी फिरतं तेव्हा त्याच्या दाताचा वेग ताशी १९० किलोमीटर होतो, हात मागे घ्यायला वेळच नसतो. चांगल्या टेबल सॉला जास्तीचे पैसे पडतात ते रायव्हिंग नाइफ, गार्ड आणि सरळ राहणाऱ्या फेन्सचे (लाकूड जिला टेकवून सरकवायचं ती पट्टी). तेवढे पैसे नसतील तर हातकरवत बरी, पण जुगाड नको.

एडिसन_एनजे
मिरजकरांना दुजोरा. इथे अमेरिकेत माझ्या गॅरेजमध्ये सॉस्टॉप कंपनीचा टेबल सॉ आहे, बोट लागलं की पातं साधारण ५ मिलिसेकंदात थांबतं. ब्रेकचं काडतूस आणि पातं दोन्ही वाया जातं पण बोट राहतं. ओलं लाकूड घातलं तरी ब्रेक पडतो, ते मात्र सांभाळावं लागतं. महाग आहे, मान्य, पण मला एकदाही जास्त वाटलं नाही. एक फरक लक्षात घ्या, इथे जुन्या बिडाच्या मशिनी सेकंडहँड स्वस्तात मिळतात आणि परत विकता येतात, त्यामुळे इथले लोक सहज घ्या म्हणतात. तो सल्ला तिकडे जसाच्या तसा लागू पडत नाही.

देवगडवाला
कोकणातून एक भर. बिडाचं टेबल पावसाळ्यात रात्रीत गंजतं, दर वापरानंतर पुसून मेण लावायला लागतं. आणि जालंधरकडच्या मोठ्या मशीनचा विचार असेल तर आधी मीटर बघा, इंडक्शन मोटर सुरू होताना पाच-सहापट करंट ओढते, संध्याकाळी व्होल्टेज पडलं की मोटर नुसती गुणगुणते आणि तापते. थ्री फेज नसेल तर मोठ्या मशीनच्या नादी लागू नये.

सागवान_पुणे
भोरकर, तुमचा मुद्दा रास्त आहे पण त्याला मशीनच लागतं असं नाही. एक बाजू घरी हातरंध्याने सपाट करायची, दोन टोकांना दोन सरळ पट्ट्या ठेवून पीळ बघायचा, आणि मग फळी मार्केटला नेऊन फक्त दुसरी बाजू थिकनेसरमधून काढायची. एक फेरी, एक काम. रचून ठेवणं तर आपण घरी करतोच.

भोरकर
एका फळीला ठीक आहे. जेवणाच्या टेबलाला सहा-सात फळ्या लागतात, आणि सागात सिलिका असते, रंध्याची धार बघता बघता जाते. अर्धा रविवार धार लावण्यात जातो. ज्याला नोकरी आहे आणि हातात फक्त रविवार आहे त्याने काय करायचं? मी पन्नाशीच्या पुढचा आहे, खांदा दुखतो, मला सपाट करण्यात नाही, जोड बसवण्यात आनंद आहे. माझं अजूनही म्हणणं आहे की एकच मशीन घ्यायचं तर थिकनेसर घ्या. टेबल सॉचं बरंचसं काम सर्क्युलर सॉ (हातात धरायची गोल पात्याची करवत) आणि सरळ पट्टी लावून होतं, थिकनेसरचं काम दुसऱ्या कशानेच इतकं नेमकं होत नाही.

ठाण्याची_सुतारीण
थिकनेसर दोघा-तिघांत मिळून घेतला तर? रोज तर कुणालाच लागत नाही, ज्याच्याकडे गाळा किंवा अंगण आहे त्याच्याकडे ठेवायचा. डस्ट कलेक्टरसकट, त्याशिवाय मी पैसे देणार नाही.

सागवान_पुणे
यात मला रस आहे. ब्लेडचा आणि धारेचा खर्च कोण करणार ते आधी ठरवू, आणि दुसऱ्याचं लाकूड घालण्याआधी त्यातले खिळे लोहचुंबकाने तपासायचे, ही अट माझी.