ऊसफडावरच्या पोरांचं रक्त तपासायचं, की आधी पोलिओची सुई द्यायची?

पन्हाळाकर: पोलिओ रविवारी एका साखर कारखान्याच्या तळावर बूथला होतो. बीडकडच्या ऊसतोड टोळ्या. पोरांच्या करंगळ्यांना शाई लावली, कागदावर 100 टक्के भरले, घरी आलो. पण ती शाई सांगते काय? एप्रिल 2016 पासून थेंबांत पोलिओ विषाणूचा टाइप 2 हा प्रकार नाही. त्याच्यासाठी फक्त सुई: दीड महिन्याला, साडेतीन महिन्यांना आणि 2023 पासून नवव्या महिन्यातही. ऊसतोडीचं बाळ दीड महिन्याचं असताना गावी, साडेतीनचं होताना कोल्हापूरच्या शिरोळात, नवव्यात पुन्हा गावी. कार्ड राहतं पत्र्याच्या पेटीत. माझं मत, या तळांवर आणि गगनबावडा-शाहूवाडीच्या धनगरवाड्यांवर काही पोरांचं रक्त घेऊन विषाणूशी लढणारी प्रतिपिंडं मोजावीत. डोस किती दिले ते आपण मोजतो, अंगी किती लागले ते नाही.

रंकाळ्यावरचा: पेटीचं कोडं तूच सोडवलंस की भावा. सुई चुकलीय हे कळलंय, मग रक्त कशाला? कार्ड नसेल तर डोस झालाच नाही असं धरा आणि द्या. जादा डोसानं काय बिघडत नाही. 2011 नंतर देशात वाइल्ड, म्हणजे निसर्गातल्या मूळ विषाणूच्या पोलिओचा एक रुग्ण नाही, आणि आम्ही गरिबाच्या पोराच्या दंडात सुया खुपसत बसायचं.

पन्हाळाकर: वाइल्ड नाही, खरंय. पण 2022 मध्ये लंडनच्या सांडपाण्यात लशीतल्या जिवंत विषाणूतूनच उपजलेला टाइप 2 सापडला, न्यूयॉर्कजवळ एक तरुण लुळा पडला. आणि डोस दिला म्हणजे लागला असं नसतं. पश्चिम उत्तर प्रदेश, बिहारात सात-सात डोस घेतलेल्या पोरांनाही पोलिओ व्हायचा. म्हणून तिथं रक्त तपासून बघावं लागलं.

लॅबवाला: रक्ताकडून फार अपेक्षा नको. रक्तद्रव पातळ करत विषाणूत मिसळतात, ते पेशींवर टाकतात. 1:8 पातळ करूनही पेशी वाचल्या तर प्रतिपिंडं आहेत म्हणायचं. ती लशीची की विषाणूची, हे त्यातून कळत नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात आईचीच असू शकतात. आतडं किती राखलंय तेही रक्त सांगत नाही. सुई लुळेपणा टाळते, पण विषाणू शौचातून जाऊ शकतो. मुंबईत 2001 पासून सांडपाणी तपासतात, तो मार्ग बरा.

रंकाळ्यावरचा: फडावर गटार कुठाय साहेब? 😄

निवृत्त नर्सबाई: मी तीस वर्षं खोपी पालथ्या घातल्यात. नळी भरून रक्त घेतलंत तर पुढच्या रविवारी एक आई पोर बाहेर आणणार नाही, ते थेंबही जातील. मोजायचंच असेल तर सुई देतानाच बोटाला टोचून गाळणकागदावर थेंब घ्या. एकदाच रडेल. आणि आईला आधी विचारा, मुकादमाला नव्हे.

पन्हाळाकर: बाई, मान्य. सुई पहिली, त्याच बसण्यात थेंब. पण मोजणी सोडायला मी तयार नाही. दोन सुया घेतलेली पोरंही प्रतिपिंडांविना उघडी निघाली, तर चूक लशीच्या पेटीची की टोचण्याच्या हाताची, ते शोधता येईल. 0.1 मिली कातडीच्या वरच्या थरात द्यायची असते, हात जरा खोल गेला की गेली.

रंकाळ्यावरचा: आणि निकाल सांगणार कुणाला? मार्चात पट्टा पडला, गाळप संपलं, की टोळी गेली.

निवृत्त नर्सबाई: त्यासाठी मात्र मुकादमाचा नंबर घ्या.